दोन बासऱ्यांतून निघालेली नदी

मंचावर सत्तर-ऐंशी वादकांचा ताफा बसलेला असतो. पुढे व्हायोलिनांच्या रांगा, मागे ट्रॉम्बोन, त्याही मागे टिंपनी आणि झांजा. एवढा सरंजाम मांडून झाल्यावर वाजायला लागतो तो फक्त एक फ्लूट. आवाज अगदी हलका, पण बोटांना उसंत नाही. बारीक बारीक स्वर वर चढतात, घसरतात, पुन्हा चढतात. वादकाला श्वास तर घ्यावाच लागणार आणि त्याने तो घेतला की ओघ तुटणार. म्हणून दुसरा फ्लूट ती ओळ अलगद उचलतो. मधूनच व्हायोलिनची तार बोटाने छेडली जाते, हार्पचा एखादा स्वर टपकतो. मग खालच्या अंगाने क्लॅरिनेट येऊन मिसळतात. संगीतकाराने स्वरलिपीत या जागांवर लिहूनच ठेवलं आहे: व्हल्तावाचा पहिला झरा, दुसरा झरा. दोन्ही एक होतात, सगळी तंतुवाद्यं तो ओघ आपल्याकडे घेतात आणि त्यावर व्हायोलिन आणि ओबो एक चाल सुरू करतात. ती चाल एकदा ऐकली की आठवडाभर तरी डोक्यातून जात नाही.

ही 'व्हल्तावा'. चेक संगीतकार बेदर्शिख स्मेताना याची सर्वांत लोकप्रिय रचना. अनेक ध्वनिमुद्रिकांवर ती 'मोल्दाउ' या जर्मन नावानेही सापडेल. एकटी ऐकली तर बारा-तेरा मिनिटांत संपते, आणि बहुतेक लोक ती एकटीच ऐकतात. प्रत्यक्षात ती सहा भागांच्या एका मोठ्या रचनेतला दुसरा भाग आहे. त्या रचनेचं नाव 'मा व्लास्त', म्हणजे 'माझा देश'. एक कडा, एक नदी, एक दरी, रानं आणि शेतं, एक गाव, एक डोंगर, असा सव्वा तासाचा हा बोहेमियाचा प्रवास आहे. शास्त्रकाट्यावर तोलायचं तर ही सिम्फनी नव्हे. फ्रांझ लिस्टने रुजवलेल्या 'सिम्फॉनिक पोएम' या प्रकारातल्या, म्हणजे एखादा विषय घेऊन सलग वाजणाऱ्या, या सहा रचना आहेत. पण एका भागातले स्वर दुसऱ्यात उगवतात, पहिल्या भागातली खूण शेवटच्या भागात परतते. सहा मिळून एक अवाढव्य सिम्फनी तयार होते, असं मला तरी वाटतं.

आवाजाला ना रंग, ना आकार. मग तो नदी दाखवतो कसा?

सोपा मार्ग नकलेचा. पाण्याचा खळखळाट, शिकाऱ्यांची शिंगं, ढगांचा गडगडाट, सगळ्यांची नक्कल ऑर्केस्ट्रा करू शकतो आणि स्मेतानाने ती केलीही आहे. पण नकलेने कान दोन मिनिटांत कंटाळतो. 'व्हल्तावा'ची खरी करामत अशी, की ती ऐकणाऱ्याला काठावर उभं न करता पाण्यात सोडते. सुरुवातीचा तो धावरा स्वरसमूह तानपुऱ्यासारखा मागे चालू राहतो आणि आपण त्याच्यावर तरंगत असतो. बाजूने देश सरकत जातो.

आधी जंगल लागतं. हॉर्न कडाडतात, शिकार चालली आहे. पण पाणी थांबत नाही, त्यामुळे शिकार मागे पडते. मग ताल बदलतो. वाहता सहाचा झोका जाऊन दोनाचा ठेका येतो, पोल्काचा. काठावरच्या खेड्यात लग्न आहे. इथे स्मेतानाने काय केलं ते नीट ऐकण्यासारखं आहे. नाच रंगात येतो आणि मग संपत नाही, विरत जातो. ठेका तोच, आवाज कमी कमी. शेवटी एकच स्वर दूरवर ठकठकत राहतो. वरातीतलं कुणी घरी गेलेलं नाही. आपणच वळणापलीकडे आलो आहोत. लग्नाचं चित्र कुणीही काढेल. लग्न मागे राहून गेल्याचं चित्र रंगांनी काढता येत नाही, त्याला काळ लागतो, आणि काळ हेच तर संगीताचं साहित्य.

त्यानंतर रात्र. व्हायोलिनांवर म्यूट चढवलेले, म्हणजे आवाज दबवणारी छोटी खुंटी घोडीवर बसवलेली. फ्लूट आणि क्लॅरिनेट पुन्हा पाणी होतात, हॉर्न खालून अगदी हळू स्वर धरून ठेवतात. चांदण्यात जलपऱ्यांचा नाच चालला आहे. सगळं इतकं स्थिर, की वेळ थांबला की काय असं वाटावं. पाणी मात्र सरकत असतं.

आणि मग सेंट जॉनचे प्रपात. पिकोलो किंचाळतो, ट्रॉम्बोन आणि टिंपनी आदळतात, मूळ चालीचे तुकडे होऊन खडकांवर आपटतात. या दगडधोंड्यांतून नदी बाहेर पडते ती पूर्ण भरून, प्रागच्या दिशेने.

आपल्याकडच्या वाचकाला इथे एक गंमत सरगमीत सांगता येते. 'व्हल्तावा' ई मायनरमध्ये आहे. ई हा षड्ज धरा. चाल उघडते ती अशी: खालचा पंचम, मग सा, रे, कोमल गंधार, मध्यम, पंचम, पंचमावर जरा थांबून कोमल धैवत आणि परत पंचम. पायरी पायरीने चढणारी, साधी, किंचित उदास. जंगलाआधी ती अशीच येते, चांदण्यानंतरही अशीच परतते. प्रपात ओलांडल्यावर मात्र तीच चाल, त्याच चढाने, शुद्ध गंधार आणि शुद्ध धैवत घेऊन येते. बाकी जवळपास काही बदलत नाही. कोमल स्वर शुद्ध झाले एवढंच, आणि नदीचं पात्र एकदम रुंदावल्यासारखं वाटतं. स्वरलिपीत या जागी लिहिलं आहे की व्हल्तावा आता पूर्ण सामर्थ्याने वाहते आहे. लिहिलं नसतं तरी कळलं असतं.

या चालीची वंशावळ मोठी विलक्षण आहे. 'ला मांतोवाना' नावाची एक जुनी इटालियन चाल सोळाव्या-सतराव्या शतकात युरोपभर फिरली. तिच्या कुळातल्या चाली जागोजागी सापडतात. स्वीडनच्या वेर्मलांद प्रांतावरच्या लोकगीतात ती आहे. स्मेतानाने स्वीडनमधल्या योतेबोरी शहरात काही वर्षं नोकरी केली होती, हेही इथे लक्षात घेण्याजोगं. इस्रायलचं राष्ट्रगीत 'हातिक्वा' याच घराण्यातलं. आणि चेक मुलं लहानपणी म्हणतात ते भोकातून शिरणाऱ्या मांजराचं बडबडगीत, तेही याच चालीचं, फक्त शुद्ध स्वरांतलं. म्हणजे चेक माणसासाठी जी राष्ट्राची नदी, तिच्या पोटात मांजराचं गाणं आहे. स्मेतानाने चाल नेमकी कुठून उचलली हा वाद घालत बसण्यात मला रस नाही. चाल कुणाचीही असो, तिच्या खाली नदी सोडली ती त्याने.

आता खऱ्या नदीकडे येऊ. व्हल्तावा चेक भूमीतली सर्वांत लांब नदी, ४३० किलोमीटर. तिचे दोन झरे खरेच आहेत. एक उष्ण व्हल्तावा, शुमावा डोंगररांगेतल्या काळ्या डोंगराच्या उतारावरून निघणारी. दुसरी शीत व्हल्तावा, बव्हेरियातून येणारी. दोघी भेटतात त्या एका दलदलीच्या कुरणात. पुढे नदी दक्षिणेकडून वर प्रागमध्ये येते आणि मेल्निक गावाजवळ एल्बेला मिळते. त्या संगमावर व्हल्तावा एल्बेपेक्षा लांबही असते आणि तिचं पाणीही जास्त असतं, तरी पुढे समुद्रापर्यंत नाव चालतं ते एल्बेचं. नद्यांच्या बाबतीतही न्याय असतोच असं नाही.

दोन झऱ्यांची कल्पना स्मेतानाला सुचली ती मात्र बहुधा या नदीवर नाही. १८६७ च्या ऑगस्टमध्ये तो शुमावात भटकायला गेला होता. तिथे चेन्कोव्हा पिला नावाच्या जागी व्हिद्रा आणि क्रेमेल्ना हे दोन ओढे एकमेकांत उसळत मिळतात आणि ओतावा नदी होते, जी पुढे व्हल्तावाला जाऊन मिळते. दोन पाण्यांचा तो आवाज त्याच्या मनात राहिला असं सांगितलं जातं. प्रपातांची गोष्टही ऐकीव नव्हती. पाणी भरलेलं असताना तो तिथून होडीने गेला होता. एका नदीचा आवाज दुसरीला, हे कलाकाराचं स्वातंत्र्य. भूगोलाच्या परीक्षेत मात्र गुण कापले गेले असते.

आवाज मनात राहिला, हे मी मुद्दाम लिहिलं. कारण 'व्हल्तावा' कागदावर उतरली तेव्हा स्मेतानाला काहीही ऐकू येत नव्हतं.

१८७४ च्या उन्हाळ्यात त्याच्या कानात शिट्ट्या आणि घूं घूं सुरू झाली. तो तेव्हा पन्नास वर्षांचा होता आणि १८६६ पासून प्रागच्या हंगामी रंगमंदिराचा प्रमुख संचालक होता. त्याच्या हाताखाली काही वर्षं व्हायोला वाजवणारा एक तरुण होता, आन्तोनिन द्वोर्झाक, जो पुढे जगप्रसिद्ध झाला. २० ऑक्टोबरला स्मेतानाचे दोन्ही कान पूर्ण गेले. कारण बहुधा सिफिलिस. नोकरी सोडावी लागली. पहिला भाग 'विशेह्राद' तेव्हा लिहून होत होता. तो नोव्हेंबरात संपला आणि लगेच, २० नोव्हेंबरला, त्याने 'व्हल्तावा' हातात घेतली. ८ डिसेंबरला ती पूर्ण. एकोणीस दिवस. दोन फ्लूट एकमेकांचा श्वास कसा सांभाळतील, म्यूट लावलेली व्हायोलिनं आणि हळू हॉर्न एकत्र कसे लागतील, हे सगळं त्याने शांततेत बसून लिहिलं. खरं तर शांततेतही नाही. कानात सतत काहीतरी वाजत असे.

त्याने पुढे एका पत्रात सांगितलं की बहिरेपणाच्या आधी त्याला वरच्या पट्टीतली एक शीळ ऐकू येई, पिकोलोसारखी, ए फ्लॅट मेजरच्या स्वरांची. १८७६ च्या 'माझ्या आयुष्यातून' या चौघांसाठीच्या वाद्यरचनेत, शेवटचा आनंदी नाच ऐन भरात असताना पहिलं व्हायोलिन एकाएकी एक उंच, लांब, टोचणारा स्वर धरतं. ती त्याची शीळ. तिथे त्याने ती ई या स्वरात बसवली आहे. पण एक गोष्ट मला सोडवत नाही. 'व्हल्तावा'तली चांदण्याची रात्र कुठल्या पट्टीत आहे? ए फ्लॅट मेजर. योगायोग असू शकतो. संगीतकारांना या पट्टीची मऊ छटा आवडतेच. तरी दुखऱ्या कानांतल्या त्या स्वरांतच त्याने जलपऱ्या नाचवल्या असतील, या शक्यतेने अंगावर काटा येतो.

मग एवढ्या आजारपणात नदी आणि डोंगर कशाला? प्रेमगीत का नाही, प्रार्थना का नाही?

त्या वेळी चेक लोकांना भूमी होती, राज्य नव्हतं. बोहेमियावर हॅब्सबर्ग घराण्याची सत्ता होती, शहरातल्या सुशिक्षितांचा व्यवहार जर्मनमध्ये चाले. स्मेताना स्वतः लितोमिश्ल गावातल्या बिअर बनवणाऱ्याचा मुलगा, शिकला जर्मनमध्ये, आणि चेक नीट लिहायला शिकला तो मोठेपणी. राजा आपला नाही, कचेरी आपली नाही, अशा वेळी दाखवायला उरतं काय? हा कडा, ही नदी, हा डोंगर. १८६८ साली प्रागमध्ये राष्ट्रीय रंगमंदिराची पायाभरणी झाली तेव्हा पायासाठी देशभरातल्या डोंगरांवरून दगड आणले होते. त्यात ब्लानिक डोंगराचाही दगड होता. त्याच दिवशी, १६ मेला, स्मेतानाच्या 'दालिबोर' या ऑपेराचा पहिला प्रयोग झाला. पुढे त्याने संगीतात जे केलं, ते त्या दगडांचंच काम म्हणायला हरकत नाही.

पहिला भाग 'विशेह्राद' हा व्हल्तावाच्या काठावरचा प्रागमधला कडा. चेक दंतकथेत इथे राजांचं पहिलं आसन होतं. दोन हार्प सुरुवात करतात, जणू जुना शाहीर गायला बसला आहे, आणि चार स्वरांची एक खूण वाजते: खालचा पंचम, सा, नी, पुन्हा पंचम. पट्टी ई फ्लॅटची. जर्मन पद्धतीत बी फ्लॅटला नुसतं 'बी' म्हणतात आणि ई फ्लॅटला 'एस'. म्हणजे पहिले दोन स्वर झाले बी आणि एस, बेदर्शिख स्मेताना. माणसाने देशाच्या सिंहासनावर आपली आद्याक्षरं कोरली. मला हा उद्धटपणा आवडतो.

आणि हे स्वर लक्षात ठेवायचे, कारण 'व्हल्तावा' प्रागला पोचते तेव्हा तेच चार स्वर, आता नदीच्या पट्टीत, साऱ्या ऑर्केस्ट्रातून घुमतात. नदी कड्याला भिडली. गंमत अशी की नदीची स्वतःची चालही खालच्या पंचमावरून षड्जावर उडी घेऊनच सुरू होते. कडा आणि पाणी एकाच पायरीवरून निघालेले आहेत.

'शार्का' हा तिसरा भाग दरीचा. प्रागच्या वायव्येला ती खडकाळ दरी आजही आहे. गोष्ट रक्तरंजित. पुरुषांवर सूड घ्यायला निघालेली शार्का स्वतःला झाडाला बांधून घेते, स्तिराद नावाचा सरदार तिला सोडवतो, भाळतो, त्याची माणसं मद्य पिऊन झोपतात आणि हॉर्नच्या एका इशाऱ्यावर शार्काच्या बायका त्यांची कत्तल करतात. क्लॅरिनेट म्हणजे शार्का, चेलो म्हणजे स्तिराद. झोपलेल्या सैनिकांसाठी बासून हे वाद्य एक खोल, लांब स्वर धरतं. ते घोरणं आहे. कत्तलीच्या आधी स्मेतानाला विनोद सुचला, यातच त्याची नाटकाची नजर कळते.

चौथा, 'बोहेमियाची रानं आणि शेतं', हा माझ्या मते सहांतला सर्वांत सुंदर भाग. यात गोष्टच नाही. उन्हात एकदम बाहेर पडल्यावर डोळे दिपतात तशी दणकट सुरुवात, आणि मग म्यूट लावलेली तंतुवाद्यं एकामागून एक कुजबुजत आत येतात. तंत्राने पाहिलं तर हा 'फ्यूग' आहे, म्हणजे एकच सूत्र पाच आवाजांनी ओळीने उचलायचं, गणितासारखा काटेकोर प्रकार. ऐकताना गणित जाणवत नाही. भर दुपारी झाडांच्या शेंड्यांतून फिरणारा वारा जाणवतो. शेवटी पोल्का येतोच, तो आल्याशिवाय चेक सण पुरा होत नाही.

पाचवा 'ताबोर' आणि सहावा 'ब्लानिक' यांच्याबद्दल माझं मन दुभंगलेलं आहे. १४१५ साली धर्मसुधारक यान हुस याला जिवंत जाळलं. त्याच्या अनुयायांनी १४२० साली वसवलेलं बंडखोर गाव म्हणजे ताबोर. या भागात स्मेताना त्या लढवय्यांचं युद्धस्तोत्र घेतो आणि त्याचे ठोके ठोकत राहतो. तेच ठोके जिथे थांबतात तिथूनच 'ब्लानिक' सुरू होतो. त्या डोंगराच्या पोटात सरदार झोपलेले आहेत आणि देशावर अखेरचं संकट आलं की ते बाहेर पडतील, अशी श्रद्धा. डोंगर प्रत्यक्षात जेमतेम ६३८ मीटरचा. संगीत म्हणून हे दोन भाग मला जड जातात, पुनरुक्तीचेही वाटतात. पण 'ब्लानिक'मध्ये मेंढपाळाचा ओबो वाजतो ती जागा आणि अगदी शेवटी युद्धस्तोत्राच्या जोडीला कड्याचे ते चार स्वर परततात ती जागा, या दोन जागांसाठी बाकी सगळं माफ.

सहाही भाग पहिल्यांदा एकत्र वाजले ५ नोव्हेंबर १८८२ रोजी, प्रागमध्ये नदीतल्याच झोफिन बेटावरच्या सभागृहात. संचालक आडोल्फ चेख. स्मेताना हजर होता. टाळ्या त्याला दिसल्या. दीड वर्षाने, १२ मे १८८४ रोजी, प्रागच्या मनोरुग्णालयात तो वारला. त्याला विशेह्रादच्याच कड्यावर पुरलं आहे.

राज्य नसलेल्या लोकांसाठी लिहिलेलं संगीत पुढे राज्यकर्त्यांना अडचणीचं ठरावं यात नवल नाही. मार्च १९३९ मध्ये नाझी सैन्याने प्राग घेतलं. जूनमध्ये संचालक वाक्लाव तालिखने राष्ट्रीय रंगमंदिरात 'मा व्लास्त' वाजवली. त्या रात्रीचं ध्वनिमुद्रण टिकून राहिलं आहे. त्यात टाळ्या थांबतच नाहीत आणि मग माणसं राष्ट्रगीत गाऊ लागतात. पुढे दुसरा चेक संचालक, रफाएल कुबेलिक. १९४८ मध्ये कम्युनिस्टांनी सत्ता घेतली तेव्हा तो देश सोडून गेला, आणि ते जाईपर्यंत परतला नाही. १२ मे १९९० रोजी, बेचाळीस वर्षांनी, पंचाहत्तरीच्या कुबेलिकने 'प्राग स्प्रिंग' महोत्सवात हीच रचना वाजवून घेतली. हा महोत्सव १९४६ पासून भरतो आणि स्मेतानाच्या स्मृतिदिनी, १२ मेला, 'मा व्लास्त'ने उघडण्याची प्रथा १९५० च्या दशकापासून पाळली जाते.

त्या नाझी काळाच्या सावलीतून निसटलेला बोहेमियाचा एक संगीतकार आपल्याकडेही आला होता. कार्ल्सबादला जन्मलेला आणि प्रागमध्ये शिकलेला ज्यू संगीतकार वॉल्टर कॉफमन १९३४ मध्ये मुंबईला पोचला, व्हायोलिनवादक मेहली मेहतांसोबत त्याने इथे चेंबर म्युझिकच्या मैफली उभ्या केल्या आणि मुंबई रेडिओवर पाश्चात्त्य संगीताचा विभाग सांभाळला. आकाशवाणीच्या पहाटेच्या त्या ओळखीच्या धूनचं श्रेय त्यालाच दिलं जातं. व्हल्तावाकाठी स्वर शिकलेल्या माणसाने आपल्या आजी-आजोबांना कित्येक वर्षं उठवलं.

नदीचं मात्र पुढे काय झालं, हे सांगायचं राहिलं. विसाव्या शतकात व्हल्तावावर एकामागून एक धरणं बांधली गेली. उगमाकडे लिप्नो, प्रागच्या दक्षिणेला स्लापी आणि श्तेखोवित्से. शुमावातलं लाकूड तराफे करून प्रागला नेणारे लोक ज्या सेंट जॉनच्या प्रपातांना घाबरत, ते प्रपात श्तेखोवित्से आणि स्लापीच्या कामांत १९४० आणि १९५० च्या दशकांत पाण्याखाली गेले. आज तिथे संथ, खोल जलाशय आहे. शनिवार-रविवारी लोक होड्या फिरवतात. 'व्हल्तावा'त जी जागा सर्वांत जास्त गर्जते, ती प्रत्यक्षात मुकी आहे. पाणी खडकांवर आदळताना कसं वाजत होतं, ते एका बहिऱ्या माणसाने टिपून ठेवलं आणि दरवर्षी जगभरचे ट्रॉम्बोनवाले ते पुन्हा वाजवतात.

ऐकायचं मनावर घेतलंत तर दोन सूचना. 'व्हल्तावा' आधी ऐकू नका. आधी 'विशेह्राद' ऐका, पंधराएक मिनिटांचा आहे. हार्पचे ते चार स्वर कानात बसू द्या. मग लगेच 'व्हल्तावा' लावा. नाहीतर नदी प्रागला पोचल्याचं तुम्हाला कळणारच नाही, नुसता मोठा आवाज ऐकू येईल. आणि ध्वनिमुद्रण निवडायचं तर कारेल आन्चेर्लचं चेक फिलहार्मोनिकबरोबरचं घ्या किंवा कुबेलिकचं १९९० चं. मोबाइलच्या स्पीकरवर मात्र ऐकू नका, त्यावर पहिला फ्लूट ऐकू येतो पण नदीचा तळ येत नाही.